जुन्या जीपची उंची

ज्या घराच्या अंगणात जुनी जीप उभी आहे, त्या घरातील तरुण मंडळींना ती आणखी उंच करावी अशी इच्छा कधी ना कधी होतेच. कित्येकदा ती केवळ हौस असते, पण पुष्कळदा तिच्यामागे खरी गरजही असते. पावसाळ्यात मळ्याकडे जाणारी वाट चिखलाने भरून जाते, चाकोऱ्या खोल होतात, त्यांच्या मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासू लागतो, आणि गाडी चार इंच वर असती तर किती बरे झाले असते, असे वाटू लागते. कोडगूमधील कॉफीचे मळे, इडुक्कीतील वेलदोड्याच्या बागा, सह्याद्रीतील दूरच्या वाड्या अशा ठिकाणी जीपने अनेक दशके माल आणि माणसे वाहिली आहेत. दार्जिलिंगकडील मानेभंजन येथून ३,६३६ मीटर उंचीवरील संदकफूपर्यंत जाणाऱ्या जुन्या लँड रोव्हर गाड्याही याच जातीच्या. अशा वाटांवर गाडीच्या पोटाखालची मोकळी जागा ही चैनीची बाब नसते.

उंची वाढविण्याचे तयार संच बाजारात मिळतात. परंतु जुन्या गाडीच्या मापाचे ते मिळतीलच असे नाही, आणि मिळाले तरी अनेकांना परवडत नाहीत. उलट या गाड्यांच्या कमानींची रचना इतकी साधी असते की, गावचा कुशल लोहार, लेथवर काम करणारा कारागीर आणि घरातील हौशी माणूस यांना मिळून हे काम करता येईलसे वाटते. तसे ते करताही येते. मात्र येथे एक गोष्ट प्रारंभीच लक्षात घ्यावयास हवी. गाडी वर उचलणे हा या कामाचा सोपा भाग आहे. वाढलेल्या उंचीशी उरलेल्या सर्व भागांचा मेळ घालणे हा अवघड भाग होय, आणि गाडीत बसणाऱ्या माणसांचा जीव या दुसऱ्या भागावर अवलंबून असतो.

कमान काय करते?

जीप ही मुळात दुसऱ्या महायुद्धातील लष्करी गाडी. अमेरिकन लष्कराच्या यादीत तिची नोंद पाव टन भार वाहणारा ट्रक अशी होती. युद्धानंतर ती शेतीवाडीच्या कामाला आली. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच विलीज कंपनीच्या जीपगाड्यांची जुळणी मुंबईत महिंद्रा कंपनीने सुरू केली. या गाड्यांच्या चारही चाकांना पोलादी पाट्यांच्या कमानी असतात. टांग्याची कमान ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही रचना नवी वाटणार नाही. सर्वांत लांब असा मुख्य पाटा, त्याखाली क्रमाने आखूड होत जाणारे इतर पाटे, आणि या साऱ्यांना मधोमध एकत्र धरणारा सेंटर बोल्ट अशी ती थप्पी असते. तिचे एक टोक चासीला पक्के जोडलेले असते. दुसरे टोक शॅकलला, म्हणजे एका झुलत्या कडीला, अडकविलेले असते. भार पडला की कमान सपाट होते आणि त्यामुळे किंचित लांबते. तिला लांबण्यास वाव मिळावा म्हणून ही कडी झुलती ठेवलेली असते.

पंचवीस-तीस वर्षे भार सोसल्यावर पाट्यांचा बाक कमी होतो. पाट्यांमध्ये गंज चढतो, रबरी बुश झिजतात, एखादा पाटा तडकतो. परिणामी गाडी कारखान्यातून निघाली त्या वेळी होती त्यापेक्षा इंच-दीड इंच, कधी त्याहूनही अधिक, खाली बसते. गाडी नवी असताना ज्यांनी पाहिलेली नसते, त्यांना आजची उंची हीच मूळ उंची वाटते. ज्या गाडीला आपण उंच करू पाहतो, ती पुष्कळदा मुळात बुटकी झालेली असते. म्हणूनच या कामाचा आरंभ हातोड्याने न करता मोजपट्टीने करावा.

आधी मोजमाप

गाडी सपाट फरशीवर रिकामी उभी करावी. फरशी खरोखरच सपाट आहे की नाही, हे पाणसळ ठेवून पाहावे. चारही चाकांतील हवा सारखी भरून घ्यावी. नंतर प्रत्येक चाकाजवळ धुऱ्याच्या वरच्या कडेपासून चासीच्या खालच्या कडेपर्यंतचे उभे अंतर मोजून वहीत लिहून ठेवावे. चासीवरून ओळंबा सोडला म्हणजे माप तिरपे घेतले जात नाही. डाव्या व उजव्या बाजूंच्या मापांत पाव इंचाहून अधिक फरक आढळला, तर एका बाजूची कमान थकली आहे असे समजण्यास हरकत नाही. निर्मात्याच्या दुरुस्ती-पुस्तिकेतील आकड्यांशी आपली मापे ताडून पाहावीत. पुस्तिका नसेल तर त्याच बनावटीची, चांगल्या स्थितीतील एखादी गाडी शोधून तिची मापे घ्यावीत.

याच वेळी आणखी एक भेद समजून घ्यावा. गाडीला दोन उंची असतात. एक चासीची आणि दुसरी धुऱ्याची. धुऱ्याच्या मध्यावर डिफरन्शियलचा जो फुगीर गोळा असतो, तोच अशा गाडीचा जमिनीला सर्वांत जवळचा भाग होय. मूळ जीपमध्ये तो जमिनीपासून सुमारे ८ ते ९ इंचांवर असतो. कमान कितीही वर उचलली तरी हा गोळा एक सूतभरही वर जात नाही, कारण धुरा कमानीवर नव्हे, चाकांवर उभा असतो. तो वर न्यावयाचा तर चाक मोठे करावे लागते, आणि तेथेही निम्माच लाभ होतो. २८ इंच व्यासाच्या टायरऐवजी ३० इंचांचा टायर लावला, तर धुरा एकच इंच वर जातो. शिवाय चाकाचा घेर सुमारे सात टक्क्यांनी वाढल्यामुळे वेगदर्शक काटा ४० दाखवीत असताना गाडी प्रत्यक्षात ताशी ४३ किलोमीटरने धावत असते. तेव्हा आपल्या वाटेवर नेमके काय घासते, चासी की डिफरन्शियल, हे आधी पाहावे. डिफरन्शियल घासत असेल, तर कमानीवर केलेला सारा खर्च व्यर्थ जाईल.

हरवलेली उंची

पहिले आणि सर्वांत फायद्याचे काम म्हणजे कमानी मूळ स्थितीत आणणे. गाडी जॅकने उचलल्यावर चासी भक्कम लोखंडी घोड्यांवर टेकवावी. केवळ जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली जाऊ नये, आणि काम चालू असताना मुलांना दूर ठेवावे. धुऱ्याला खालून जॅकचा आधार देऊन कमानीवरील ताण आधी उतरवावा आणि मगच यू-बोल्ट सोडावेत. थप्पीचा सेंटर बोल्ट काढतानाही पाटे शिकंजात किंवा क्लॅम्पमध्ये धरून ठेवावे लागतात. दाबलेले पाटे एकाएकी सुटले, तर हाताला गंभीर इजा होते.

पाटे सुटे झाल्यावर तारेच्या ब्रशाने गंज काढावा. डोळ्यांना न दिसणारी तडक शोधण्याची एक जुनी व सोपी रीत आहे. पाट्याला रॉकेल चोळून ते थोडा वेळ मुरू द्यावे. नंतर पाटा कोरडा पुसून त्यावर खडूची पूड पसरावी. तडक असेल तेथे आत शिरलेले रॉकेल बाहेर येते आणि पांढऱ्या पुडीवर काळसर रेघ उमटते. असा पाटा बदलावाच. त्याला वेल्डिंग करून वेळ मारून नेऊ नये.

आता प्रश्न बाक देण्याचा. येथे लोहाराचे कौशल्य कामी येते. मोटारीच्या जुन्या पाट्यापासून कोयते व विळे घडविणाऱ्या लोहाराला हे पोलाद चांगले परिचित असते. ते कठीण असते आणि लवचीकही असते. हे दोन्ही गुण त्याला तापवून तेलात विझविण्याने व नंतर ठरावीक उष्णतेवर पुन्हा तापविण्याने येतात. गॅसच्या ज्योतीने एखादी जागा लाल करून पाटा वाकविला, तर त्या जागेचे पाणी उतरते. असा पाटा काही दिवस छान दिसतो, मग तेथेच बसतो किंवा मोडतो. म्हणून बाक एक तर थंड स्थितीतच, प्रेसखाली किंवा हातोड्याने थोडा थोडा करून द्यावा, अथवा संपूर्ण पाटा तापवून त्याला रीतसर पुन्हा पाणी देण्याची सोय असलेल्या कमानीच्या कारखान्यात द्यावा. थप्पीतील प्रत्येक खालच्या पाट्याचा बाक वरच्यापेक्षा किंचित अधिक ठेवतात. सुटे पाटे एकमेकांवर ठेवले असता मध्ये थोडी फट दिसावी आणि सेंटर बोल्ट आवळल्यावर ती मिटावी, ही चांगल्या थप्पीची खूण होय.

जोडणी करताना बुश, सेंटर बोल्ट व यू-बोल्ट नवे घालावेत. एकदा ताणून आवळलेले यू-बोल्ट पुन्हा वापरणे ही खोटी काटकसर आहे. रबरी बुश असलेले बोल्ट गाडीचा भार चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळावेत. तसे न केल्यास रबर कायमचे पिळलेले राहते व लवकर फाटते. एवढ्या कामाने बहुतेक जुन्या गाड्यांची हरवलेली उंची परत मिळते, आणि गाडीच्या मूळ रचनेला कोठेही धक्का लागत नाही.

त्याहून अधिक हवे असेल तर

मूळ उंचीच्या पलीकडे जाण्याचे चार मार्ग कारागीर सांगतात. चारही मार्गांचे गुणदोष जाणून घेणे इष्ट ठरेल.

पहिला मार्ग जादा पाटा घालण्याचा. समजा, सात पाट्यांची कमान गाडीच्या भाराने चार इंच दबते. तेवढ्याच जाडीचा आठवा पाटा घातला तर ती ढोबळमानाने साडेतीन इंच दबेल. म्हणजे लाभ अर्ध्या इंचाचा, आणि त्याच्या मोबदल्यात कमान सुमारे एक-सप्तमांशाने कडक झाली. जाड पाटा निवडला तर हा फरक फार झपाट्याने वाढतो, कारण पाट्याचा कडकपणा त्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. पाव इंचाऐवजी पाच-सोळांश इंच जाडीचा पाटा जवळजवळ दुप्पट कडक असतो. जी गाडी रोज माल वाहते, तिला हा मार्ग मानवतो. ज्या गाडीतून वृद्ध माणसे व लहान मुले जावयाची, तिला तो मानवत नाही.

दुसरा मार्ग लांब शॅकलचा. घरगुती कामात हाच अधिक प्रचलित आहे, कारण लोखंडी पट्टीला दोन भोके पाडली की शॅकल तयार झाली, असे वाटते. परंतु शॅकल कमानीच्या एकाच टोकाला असते आणि धुरा मध्यावर असतो. म्हणून शॅकल दोन इंचांनी लांबविली तर गाडी एकच इंच वर जाते. पट्टीची जाडी मूळ शॅकलपेक्षा कमी असू नये, भोके ड्रिलने नेमक्या मापाची पाडावीत, आणि दोन्ही पट्ट्या मध्ये आडव्या तुकड्याने जोडाव्यात. नाही तर वळणावर शॅकल बाजूला कलते.

तिसरा मार्ग धुरा व कमान यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा बसविण्याचा. कमान धुऱ्याच्या वर असलेल्या गाडीतच तो उपयोगी पडतो. तेथेही तो केवळ मागील धुऱ्याला, एकसंध आणि एकच असावा. ठोकळ्यावर ठोकळा रचणे किंवा पुढच्या धुऱ्याला ठोकळा लावणे धोक्याचे आहे.

चौथा मार्ग सर्वांत मोठ्या उडीचा. जुन्या जीपमध्ये कमान धुऱ्याच्या खाली असते. तिला धुऱ्याच्या वर बसविले की धुऱ्याच्या नळीची जाडी व थप्पीची जाडी मिळून चार-पाच इंच उंची एकदम वाढते. मात्र त्यासाठी धुऱ्यावर नव्या बैठका अचूक कोनात वेल्ड कराव्या लागतात, आणि स्टिअरिंगची रचनाही बदलावी लागते. जोर लावताना व ब्रेक दाबताना कमान इंग्रजी एस अक्षरासारखी पिळवटण्याची प्रवृत्ती वाढते. अंगणात करण्याजोगे हे काम नव्हे.

एका इंचाची किंमत

यांपैकी कोणताही मार्ग घेतला तरी वाढलेल्या प्रत्येक इंचाचा हिशेब इतर भागांना चुकवावा लागतो.

प्रथम प्रोपेलर शाफ्टचा विचार करू. इंजिनाकडील जोर धुऱ्याकडे नेणाऱ्या या दांड्याच्या दोन्ही टोकांना सांधे असतात. मिस्त्री त्यांना क्रॉस म्हणतात. हे सांधे कोनातून फिरताना प्रत्येक फेऱ्यात दांड्याचा वेग दोनदा कमीजास्त होतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असले तरच हा चढउतार एकमेकांत जिरतो. जीपचा मागील शाफ्ट आखूड असतो, हीच खरी अडचण. ४० इंचांचा शाफ्ट एका टोकाला तीन इंच वर उचलला तर त्याचा कल सुमारे सव्वाचार अंशांनी वाढतो. २० इंचांचा शाफ्ट तेवढाच उचलला तर कल साडेआठ अंशांनी वाढतो. परिणामी गाडी थरथरते, क्रॉस लवकर झिजतो आणि एखाद्या दिवशी चढावर शाफ्ट निखळतो. शाफ्टचा सरकता जोड पुरेसा आत राहतो ना, हेही पाहिलेच पाहिजे.

दुसरी गोष्ट पुढच्या चाकांची. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होते, याचे कारण चाक ज्या खिळीवर वळते ती वरच्या बाजूस किंचित मागे कललेली असते. या कलास कॅस्टर म्हणतात. जुन्या जीपमध्ये पुढील शॅकल कमानीच्या पुढच्या टोकाला असते. ती लांबविली की धुरा पुढे झुकतो व कॅस्टर कमी होतो. मग गाडी रस्त्यावर भरकटू लागते आणि चालविणाऱ्याला सतत चाक धरून बसावे लागते. धुरा व कमान यांच्यामध्ये योग्य कोनाची पोलादी पाचर घालून हा दोष काढता येतो, परंतु त्यासाठी व्हील अलाइनमेंट मोजून घ्यावी लागते. केवळ अंदाजाने हे होत नाही. तसेच स्टिअरिंगपासून चाकांकडे जाणारी दांडी अधिक तिरपी झाली, तर चाक खड्ड्यात जाताच गाडी स्वतःहून वळू पाहते.

तिसरी गोष्ट ब्रेकच्या रबरी नळ्यांची. चासी जॅकने इतकी उचलावी की चाके पूर्णपणे लोंबू लागतील. त्या स्थितीतही नळी ताणलेली असता कामा नये. शॉकअपची लांबीही तेव्हाच तपासावी. आखूड शॉकअप लोंबत्या चाकाचा भार स्वतःवर घेतो व तुटतो. चाक सर्वांत वर दाबले जाते त्या वेळी काय काय टेकते, हे पाहून रबरी बफर बसवावेत.

चौथी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, पण तीच सर्वांत महत्त्वाची. ती म्हणजे गाडीचा तोल. समजा, डाव्या व उजव्या चाकांतील अंतर ४८ इंच आहे आणि गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून २६ इंचांवर आहे. अंतराच्या निम्म्याला, म्हणजे २४ ला, २६ ने भागले की ०.९२ हा आकडा येतो. तो जितका मोठा तितकी गाडी वळणावर स्थिर. गुरुत्वमध्य तीन इंच वर गेला की हाच आकडा ०.८३ होतो, म्हणजे स्थैर्य दहा टक्क्यांनी घटते. छतावर सामान आणि मागे सहा माणसे बसली की ते आणखी घटते. घाटातील वळण मात्र होते तेवढेच राहते.

कायद्याची बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या ५२ व्या कलमान्वये, नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात हीच भूमिका स्पष्टपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलासाठी मालकाला शिक्षेची तरतूदही अधिनियमात आली. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नूतनीकरणास येते, आणि त्या वेळी गाडीची तपासणी होते. जुन्या जीपच्या मालकाला तर या तपासणीस पुनःपुन्हा सामोरे जावे लागते. विम्याच्या बाबतीतही न कळविलेला बदल अपघातानंतर वादाचे कारण होऊ शकतो. कमानी मूळ उंचीवर आणणे ही दुरुस्ती आहे. त्यापलीकडे जाणे हा बदल आहे. तो करण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात चौकशी करून लेखी उत्तर घ्यावे. गाडी खासगी मळ्यातच फिरणार असली तरी तोलाचा नियम तेथेही तोच असतो.

काम झाल्यावर

काम पूर्ण झाल्यावर पहिली फेरी रिकाम्या गाडीने, मोकळ्या जागेत व मंद वेगाने घ्यावी. ब्रेक, स्टिअरिंग व शाफ्टचा आवाज यांकडे लक्ष द्यावे. शंभर किलोमीटरच्या आत यू-बोल्ट पुन्हा आवळावेत, कारण नवे पाटे व नवे बोल्ट आपापल्या जागी बसताना थोडे सैल पडतात. महिन्याभराने प्रारंभीची मापे पुन्हा घेऊन वहीतील आकड्यांशी ताडावीत. एखाद्या बाजूस कमान पुन्हा बसली असेल, तर त्या वहीतच ते प्रथम दिसेल.

अनेक कुटुंबांच्या बाबतीत एवढा सारा विचार केल्यावर हिशेब साधा उरतो. थकलेल्या कमानींना मूळ बाक, नवे बुश, चांगले शॉकअप आणि योग्य मापाचे टायर एवढ्यानेच जीप पुन्हा आपल्या मूळ उंचीवर उभी राहते. उरलेल्या अडचणीवर कुदळ-फावडे हाही एक उपाय आहे. पावसाळ्यापूर्वी दोन दिवस खपून वाटेच्या मधला उंचवटा छाटला आणि चाकोऱ्यांत मुरूम टाकला, तर त्याचा लाभ आपल्या जीपबरोबरच शेजाऱ्याच्या बैलगाडीला आणि शाळेत जाणाऱ्या मुलांच्या सायकलींनाही होतो.